काकीचं जन्मगाव

सांगलीच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना वादविवाद स्पर्धेसाठी माझं नाव दिलं गेलं. विषय होता, 'परदेशाचं नागरिकत्व घेणारा भारतीय देशभक्त असू शकत नाही.' माझ्या वाट्याला विरोधाची बाजू आली. म्हणजे असा माणूसही देशभक्त असू शकतो, हे मला पटवून द्यायचं होतं. नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं होतं. कॉम्प्युटर शिकलेली मुलं एकेक करून अमेरिकेला निघाली होती आणि त्यांचा अभिमान बाळगावा की राग धरावा, हे घराघरांत ठरत नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीला साताऱ्याला जाताना मी मुद्दे काढायला कोरे कागद घेऊन गेले. ते भरायला फारसे कष्ट पडले नाहीत, कारण दोन्ही बाजू आमच्या घरातच बसल्या होत्या.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले होते. आमचं मूळ गाव विट्याच्या पलीकडचं, पावसावर जगणारं. तिथून आबा भरती झाले ते पुन्हा राहायला म्हणून गावी गेलेच नाहीत. पेन्शन, कँटीन आणि बोलायला सोबतीचे माजी सैनिक, एवढ्यासाठी त्यांनी साताऱ्यात छोटं घर बांधलं. माझा थोरला भाऊ इंजिनिअर होऊन अमेरिकेत गेला होता आणि त्या दिवाळीत पहिल्यांदाच रजेवर आला होता. काका आणि काकीही सांगलीहून आले होते. काका म्हणजे आबांचे धाकटे भाऊ. मी कॉलेजसाठी त्यांच्याच घरी राहत होते, त्यामुळे आम्ही तिघं एकाच एस.टी.ने आलो.

फराळाला बसल्यावर मी सहज भावाला विचारलं, "तू घेणार का रे तिकडचं नागरिकत्व?"

तो म्हणाला, "आधी ग्रीन कार्ड. त्यानंतर पाच वर्षांनी अर्ज करता येतो. कंपनीनं कागदपत्रं सुरू केलीत."

आबांनी हातातली चकली ताटात ठेवली. "आन् मग शपथ घ्याय लागत आसंल?"

"लागते."

"काय म्हनायचं त्यात?"

 आबांपुढे लपवाछपवी करायची भावाला सवय नव्हती. "जुन्या देशाशी असलेली निष्ठा सोडली, असं म्हणायचं. आणि वेळ आली तर त्या देशासाठी शस्त्र उचलीन, असं."

"उद्या त्येंची आन् आपली जुंपली तर?"

"आबा, तसं कधी होणार नाही."

"हुनार का न्हाई ते इचारलं न्हाई म्या. जुंपली तर काय करशील?"

 उत्तर द्यायचं सोडून भाऊ इतर देशांचं सांगू लागला, आणि मी भराभर लिहून घेऊ लागले. आखातात माणूस अर्धं आयुष्य घालवतो, पण पासपोर्ट मालकाच्या कपाटात असतो आणि काम संपलं की त्याला परत पाठवतात. जर्मनीत तुर्कस्तानचे कामगार बापाच्या वेळेपासून राहतात, त्यांची तिथंच जन्मलेली मुलंसुद्धा परकी धरली जातात. अमेरिकेत मात्र जो त्या मातीत जन्मला तो त्यांचा, आणि जो बाहेरून आला त्यालाही एक दिवस आपलं म्हणतात. "मग अशा देशानं मला आपलं म्हटलं तर मी नको का म्हणू?" त्यानं विचारलं. "आणि आपण कुणाला आपलं म्हणतो, सांगा."

"आपल्याकडं कोन येतंय?" आई म्हणाली.

"येत्यात की," आबा म्हणाले. "पूर्वेकडनं कुंपनाखालनं येत्यात. मुंबईत भरल्यात, पेपरात रोज वाचतोय. त्येंला हुडकून काढून परत धाडलं पायजे. देस म्हंजी काय धरमशाळा हाय?"

"त्यांच्यात आणि माझ्यात काय फरक आहे? दोघंही पोटासाठीच घर सोडून गेलोय."

"तू दारातनं गेलास. ते भिताडावरनं उडी मारून आल्यात."

"त्यांना दार उघडत नाही कुणी, आबा."

हे सगळं चाललेलं असताना काकी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून करंज्यांना मुरड घालत होती. मधेच तिनं भावाला विचारलं, "तकडं नदीचा माशा मिळतो का रं?" आणि तिच्या तोंडी 'मासा'चा झालेला 'माशा' ऐकून आम्ही सगळे हसलो. वाद तेवढ्यावर थांबला. त्या खोलीत आम्ही पाच-सहा माणसं होतो, पण पूर्वेकडून येणाऱ्यांबद्दल बोलताना काकीकडं कुणीच पाहिलं नाही. आम्हाला ती आठवलीच नाही.

काकी बंगाली होती. आमच्या भागातली पुष्कळ माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली आहेत. सराफाच्या दुकानातलं मोडीचं सोनं-चांदी भट्टीत गाळून शुद्ध करून द्यायचं, हा तो धंदा. काका तरुणपणी त्यासाठी आसामात गेले. तिथल्या बंगाली वस्तीतल्या एका घरात जेवायला जात, त्याच घरातली ही मुलगी. लग्न करून ते तिला आधी गावी घेऊन आले आणि काही वर्षांनी सांगलीत सराफ कट्ट्याजवळ एक गाळा घेऊन त्यांनी भट्टी लावली आणि मागच्या खोल्यांत संसार मांडला. काकी मराठी शिकली ती गावात, माझ्या आजीकडून. त्यामुळे ती बोलायची अगदी विट्याकडचं, 'लय', 'न्हाई', 'कवा', पण त्यात मधूनच 'स'चा 'श' व्हायचा. गल्लीतल्या बायकांना त्याची गंमत वाटायची. तिला मूल नव्हतं. मला ती 'मा' म्हणायची. तिच्याकडं मुलीला तसंच म्हणतात.

स्पर्धा झाली. भावाचे सगळे मुद्दे मी मांडले. परीक्षक म्हणाले, माहिती चांगली आहे, पण तळमळ कमी पडते. उत्तेजनार्थ बक्षीस घेऊन मी घरी आले आणि तो विषय माझ्यापुरता संपला.

त्याच सुमाराला फोटोची मतदार ओळखपत्रं काढायचं काम सुरू झालं होतं. काकी कपाटातली जांभळी इरकल नेसून फोटो काढून आली. काही आठवड्यांनी कचेरीतला एक शिपाई दुकानावर आला आणि साहेबांनी बोलावलंय म्हणून सांगून गेला. काका गेले. तिथं त्यांना कळलं की काकीविरुद्ध तक्रार आलीय, ही बाई बांगलादेशची आहे आणि तिचं नाव यादीतून काढावं. तक्रार कुणी केली ते आम्हाला शेवटपर्यंत समजलं नाही. पुढं कित्येक दिवस मी गल्लीतून जाताना प्रत्येक दाराकडं बघत असे, आणि प्रत्येक माणूस मला तोच वाटत असे.

कचेरीतले साहेब वाईट नव्हते. त्यांनी काकांना खुर्ची दिली, जन्माचा काही पुरावा आहे का विचारलं. पुरावा नव्हता. काकीचे आईवडील वारलेले, त्यांच्याकडचे कागद पुरात गेलेले. साहेब म्हणाले, "तुमचे थोरले भाऊ सुभेदार आहेत ना? त्यांनी एक प्रतिज्ञापत्र करून द्यावं की बाई जन्मानं आसामच्या. माजी सैनिकाच्या शब्दावर मी प्रकरण मिटवतो."

पुढच्याच रविवारी काका साताऱ्याला निघाले. मलाही त्यांनी बरोबर घेतलं. इस्लामपूर, कऱ्हाड करत एस.टी. साताऱ्याला पोचली.

आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिचा जन्म कुटला?"

"आसाम."

"खरं सांग."

काकांनी खाली बघितलं. "पल्याडचा. पर ल्हान हुती तवाच आली, दादा. दंगलीत घर जाळलं त्येंचं. बापानं उचलून आनली."

"मग आसामात जल्मली आसं कसं ल्याहू?"

"ल्याहायला काय हुतंय? एक ओळ हाय."

"माझ्या सहीची ओळ हाय ती."

आई मधे पडली. "आवं, घरातली बाई हाय. तिच्यापायी येवढं करा की."

"तिच्यापायी काय बी करीन," आबा म्हणाले. "सरकारला खोटं ल्हून न्हाई देनार. उभ्या हयातीत दिलं न्हाई."

काका उठून उभे राहिले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "तुमी तिकडं लढलाय. त्या लोकांसाठी लढलो म्हनून आमाला सांगत आलाय. आन् त्यातलं एक मानूस घरात हाय, तर त्येच्यासाठी तुमच्याच्यानं सही हुईना."

आबा एकाहत्तरच्या लढाईत पूर्वेच्या आघाडीवर होते. आम्ही लहान असताना ते सांगायचे, रस्त्याच्या दोन्ही कडांनी माणसं चाललेली, म्हाताऱ्यांना पाठुंगळी घेतलेलं, आणि आमची गाडी दिसली की सगळी हात हलवायची. ते सांगताना त्यांचा चेहरा उजळायचा. त्या दिवशी मात्र ते उठून आत गेले. काका न जेवताच निघाले, आणि मीही त्यांच्या मागून निघाले. घरात कोण बरोबर होतं, ते मला ठरवता येत नव्हतं. एस.टी.त मला आबांचा राग यायचा आणि थोड्या वेळानं त्यांचं खरंच होतं असं वाटायचं.

सांगलीत काकी वाट बघत होती. काकांनी भट्टीकडं जाऊन दार लावून घेतलं. काकी माझ्यासमोर बसली. म्हणाली, "न्हाई म्हनाले ना भावजी? मला म्हाईत हुतं."

"तुला राग नाही आला?"

"आला की. लय आला." ती बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग तिनं मला लहानपणाचं सांगितलं. याआधी कधी सांगितलं नव्हतं. तिला फार आठवत नव्हतं. रात्र होती, होडी होती, आजी होती, आणि बापानं बजावलं होतं की तोंडातून आवाज काढायचा नाही. तिला खोकला येत होता म्हणून आजीनं तिच्या तोंडात पदराचा बोळा घातला होता. उजाडलं तेव्हा बाप म्हणाला, आलो. "म्या बगितलं तर तकडल्यावानीच चिखल. तशीच केळी. मी बापाला इचारलं, कुठं आलो? त्यो नुसता रडाय लागला."

मग तिनं विचारलं, "तुज्या भावाला किती वर्शांनी आपला म्हननार ते लोक?"

"कार्ड मिळाल्यावर पाच वर्षांनी."

"तू पाळन्यात हुतीश तवा मी ह्या घरात आले," ती म्हणाली आणि उठून चुलीपाशी गेली.

दुसऱ्या आठवड्यात आबा अचानक सांगलीला आले. अंगात कडक इस्त्रीचा कोट, छातीवर पदकांच्या पट्ट्या. घरी न येता थेट कॉलेजवर येऊन त्यांनी मला बोलावून घेतलं. "चल, कचेरीत जाऊ. म्या उपाय काडलाय."

त्यांचा उपाय त्यांनी स्वतःच्या हातानं कागदावर लिहून आणला होता. साहेबांसमोर त्यांनी तो ठेवला. आमच्या भावजयीचा जन्म पलीकडचा, लहानपणी दंगलीमुळं आईबापाबरोबर ती इकडं आली, तिचं लग्न माझ्या डोळ्यांदेखत झालं, तेव्हापासून ती आमच्या घरात आहे, तिच्या वागणुकीची हमी मी देतो आणि ती या देशाचीच आहे असं मी मानतो. खाली सही, हुद्दा, सैन्यातला नंबर.

साहेबांनी वाचलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सुभेदारसाहेब, हे तुम्ही मला दिलं नसतं तर बरं झालं असतं."

"खरं हाय ते."

"खरं आहे म्हणूनच. आता तुमच्याच हातचं लेखी माझ्याकडं आलं की जन्म बाहेरचा आहे. मला हे वर पाठवावं लागेल." त्यांनी कागद आबांच्या दिशेनं थोडा सरकवला. "अजून मी आवक नोंदवलेली नाही. घेऊन जा. मी बघितलंच नाही असं समजतो."

मी आबांचा हात धरला. आबांनी तो हळूच सोडवला आणि कागद पुन्हा साहेबांकडं सरकवला. "नोंदवून घ्या. खऱ्याला भ्यायचं काय कारन? सरकार इचारंल, आमी सांगू."

बाहेर आल्यावर त्यांना फार हलकं वाटत होतं. वाटेत त्यांनी घरासाठी भडंग घेतलं. आपण काकीची सुटका केली अशीच त्यांची समजूत होती. सैन्यात त्यांनी जन्मभर हेच पाहिलं होतं की खरं सांगणाऱ्याला वरिष्ठ सांभाळून घेतात. मी त्यांच्या शेजारून चालत होते आणि काकांना हे कसं सांगायचं ते मनात जुळवत होते.

काकांनी ऐकलं तेव्हा ते भट्टीतून सोनं वितळवायची मूस बाहेर काढत होते. हातातला चिमटा त्यांनी खाली ठेवला. "दादा, तक्रार करनाऱ्याकडं पुरावा नव्हता," ते म्हणाले. "त्यो तुमी दिला." त्यानंतर ते आबांशी बोलायचे थांबले.

काकीनं सगळ्यांना चहा दिला. आबांचा कप त्यांच्यापुढं ठेवताना तिनं विचारलं, "भावजी, मला धरून नेतील का?"

"मी हाय की," आबा म्हणाले. पण भडंगाचा पुडा तसाच त्यांच्या मांडीवर राहिला.

पुढचं वर्षभर ते प्रकरण चाललं. चौकशी पोलिसांकडं गेली. काकीचं नाव मतदारयादीतून गेलं आणि तिला ठरलेल्या दिवशी ठाण्यात हजेरी लावायला सांगितलं. तिथं कुणी तिला मारलं नाही की शिवी दिली नाही. फक्त बाकावर बसवून ठेवायचे. कधी दुपारपर्यंत, कधी दिवे लागेपर्यंत. गल्लीत बातमी पसरली. ज्या बायका तिच्याकडून मोहरी वाटून केलेल्या भाज्या शिकून गेल्या होत्या, त्यातली एक जण नळावर तिला म्हणाली, "तुमचं खरं नाव काय हो?" काकीनं सांगितलं, "हेच." ती बाई हसली. काकीनं त्या दिवसापासून नळावर जायचं सोडलं आणि पाणी मी आणायला लागले. गलाईचा धंदा सगळा विश्वासाचा. दुसऱ्याचं सोनं आपल्या भट्टीत जातं. सराफांनी उघड काही म्हटलं नाही, पण काकांकडं येणारं काम कमी होत गेलं.

आबा दर हजेरीला साताऱ्याहून यायचे. पहाटेची एस.टी. पकडून, तोच कोट घालून ते ठाण्यात येत आणि काकीच्या शेजारी बाकावर बसत. काका त्यांना पाहून बाहेर टपरीवर जाऊन उभे राहत. मी कॉलेज नसेल तेव्हा जात असे. एकदा मी गेले तर दोघं काहीतरी बोलत होते. आबा त्यांची तुकडी कुठल्या वाटेनं गेली ते सांगत होते, गावांची नावं घेत होते. ती नावं त्यांच्या तोंडी वेडीवाकडी यायची आणि काकी ती नीट करून सांगायची. एका नावाला ती थांबली. म्हणाली, "तितं माज्या मावशीचं घर हुतं." आबा म्हणाले, "तितं आमी दोन रोज मुक्काम केला. घरं हुती, मानसं नव्हती." 

त्याच दिवशी आबांनी फौजदाराला विचारलं, "समजा ठरलंच, तर हिला धाडनार कुटं?"

"बॉर्डरवर."

"आन् पलीकडचं म्हनले, ही आमची न्हवं, तर?"

फौजदार तरुण होता. तो हसला. "तर काय, परत आणायची."

आबा हसले नाहीत. साताऱ्याला जाणाऱ्या गाडीत बसवायला मी त्यांच्याबरोबर स्टँडवर गेले, तेव्हा ते म्हणाले, "पोरी, म्या चूक केली का गं?" मी म्हणाले, "तुम्ही खोटं लिहिलं असतं तर तुम्हाला झोप लागली नसती." ते म्हणाले, "आता कुटं लागतीया." गाडी आली आणि ते चढले. त्यांना खिडकीची जागा मिळाली होती, पण त्यांनी बाहेर पाहिलं नाही.

त्या दिवसांत घरात पेपर आला की आबा आधी घुसखोरांच्या बातम्या वाचायचे, असं आईनं मला सांगितलं. पूर्वी ते मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि शेजाऱ्यांशी वाद घालायचे. आता मनातच वाचून घडी घालून ठेवायचे. मित्रांपैकी कुणी बाहेरच्यांना हाकलण्याची गोष्ट काढली तर ते उठून जात. त्यांचं मत बदललं होतं असं मी म्हणणार नाही. देशाला कुंपण पाहिजे, असंच ते शेवटपर्यंत म्हणत. पण ते म्हणताना पूर्वीसारखा आवाज लागत नसे.

प्रकरणाचा निकाल असा लागलाच नाही. फौजदार बदलून गेला, कचेरीतले साहेबही गेले. नव्या माणसानं कागद चाळले आणि काकीला म्हणाला, "बाई, आता येऊ नका. गरज पडली तर बोलावू." ती बाहेरची ठरली नाही आणि इथलीही ठरली नाही. बोलावणं कधी येईल याची टांगती भीती तेवढी मागं राहिली. दारावर कुणी थाप मारली की काकी आधी माझ्याकडं बघायची.

काकांनी गाळा विकला आणि कोइमतूरला जायचं ठरवलं. तिथं आमच्या भागातले पुष्कळ गलाईवाले आहेत. मी परीक्षा देऊन मोकळी झाले होते. निघायच्या दिवशी काकीनं घर झाडून पुसून घेतलं, जणू पाहुणे यायचे होते. मला जवळ घेऊन म्हणाली, "मा, आता तितनं कोन काडंल मला?" मी सांगितलं, तिथं कुणाला काही माहीत नाही. आणि तसंच झालं. पहिल्या वेळी तिला भेटायला गेले तेव्हा शेजारणीनं मला खुणांनी विचारलं, तूही मराठीच का? तिथं काकीला सगळे मराठी बाईच म्हणत होते. तिचं बोलणं, तिची साडी, तिची भाकरी, सगळं त्यांच्या लेखी मराठी होतं. काकी ते मला सांगताना हसली, पण मग म्हणाली, "लोक मला आसंच दुशरी कुनीतरी शमजत ऱ्हात्यात. खरं कुनाला शांगू नगं बाई."

नवं शतक सुरू होऊन तीन-चार वर्षं झाली तेव्हा भावाचा फोन आला, शपथविधी झाला म्हणून.  आईला आनंद लपवता येत नव्हता. तिनं रिसीव्हर आबांकडं दिला. माझं लग्न झालं होतं आणि मी माहेरी आले होते. मला वाटलं, आता पुन्हा दिवाळीतला वाद सुरू होणार.

आबांनी विचारलं, "कागद लागले आसतील?"

पलीकडून भाऊ सांगत होता. जन्मदाखला गावाहून मागवून दिला होता, बाकी त्यांनीच सगळं तपासलं.

"आन् ते हत्याराचं? म्हनलास?"

भावानं हो म्हटलं असावं. आबांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, "मिळालाय त्यो कागद जपून ठेव. कुलपात ठेव." आणि त्यांनी फोन आईकडं दिला. भावाला ते टोचून बोलले असं वाटलं. त्यानं मला नंतर तसं विचारलंही. मी त्याला सांगितलं, नाही, ते मनापासून बोलले. हे त्याला पटलं की नाही माहीत नाही. अमेरिकेत बसून त्याला काकीचं सगळं फोनवरूनच कळत गेलं होतं, आणि तो म्हणायचा की आबांनी तेव्हाच त्या प्रतिज्ञापत्रावर सही केली असती तर काय बिघडलं असतं. तो हे बोलायचा तेव्हा मला आबांची बाजू घ्यावीशी वाटे, आणि काकांसमोर गेले की भावाची.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात आबा कुणाला न सांगता कोइमतूरला गेले. त्यांचं वय झालं होतं, गुडघे दुखत होते, आणि काकांनी त्यांना बोलावलेलं नव्हतं. आई दोन दिवस काळजीत होती. परत आले तेव्हा मी त्यांना भेटायला साताऱ्याला गेले. ते अंगणात खुर्ची टाकून बसले होते.

"काकी कशी आहे?" मी विचारलं.

"बरी हाय. पाय सुजत्यात थोडं. माझ्यासाठी मासा केला हुता."

"आणि काका?"

आबांनी पायातल्या चपला काढून बाजूला सारल्या. "काय न्हाई बोलला. दोन रोज दुकानात जाऊन बसला. निघताना म्हनला, जेवून जा."

"मग?"

"मग जेवलो," आबा म्हणाले.